स्त्री अभ्यास केंद्राचं वर्षाचं नियोजन करताय? या चुका टाळा

जून-जुलै आला की आपल्याकडं विद्यापीठ-कॉलेजांतल्या प्रत्येक स्त्री अभ्यास केंद्रात एकच कागद फिरायला लागतो, वार्षिक नियोजन. मागच्या वर्षीची फाईल काढायची, तारखा बदलायच्या, सही घ्यायची. ३ जानेवारीला सावित्रीबाईंची जयंती, ८ मार्चला महिला दिन, ११ ऑक्टोबरला बालिका दिन, २५ नोव्हेंबर ते १० डिसेंबर हिंसाविरोधी सोळा दिवस, झालं वर्ष. मी मराठवाड्यातल्या एका केंद्रात बरीच वर्षं हेच काम करतेय आणि या फाईली मीही अशाच भरल्यात. आता मला पक्कं वाटतं की बाकीच्या बहुतेक चुका याच एका ठिकाणाहून सुरू होतात. विद्यापीठाचं वर्ष वेगळं, गावातल्या बाईचं वर्ष वेगळं आणि सरकारी कारभाराचं वर्ष तिसरंच. ही तिन्ही एकमेकांसमोर ठेवून तारखा काढल्या नाहीत तर हॉल भरतो, फोटो येतात, पण धोरणाला कुठंच हात लागत नाही.

सगळ्यात जास्त शिकवलं ते ऊसतोडीनं. बीड जिल्ह्यातल्या एका गावात आम्ही ऊसतोड करणाऱ्या बायकांच्या आरोग्यावर कार्यशाळा ठेवली होती, तारीख घेतली डिसेंबरची पहिली, कारण सोळा दिवसांचा कार्यक्रम त्यातच बसवायचा होता. गाडी भरून विद्यार्थिनी घेऊन गेलो तर शाळेच्या व्हरांड्यात सात-आठ म्हाताऱ्या बाया आणि नातवंडं. निम्म्या घरांना कुलूप. एक आजी म्हणाली, "दिवाळी झाली की सगळे कोयत्याला जातेत की, तुम्हाला कुणी सांगितलं न्हाई का?" आम्हाला खरंच कुणी सांगितलं नव्हतं, कारण आम्ही कुणाला विचारलंच नव्हतं. गाळप सुरू झालं की नवरा-बायको मिळून एक कोयता म्हणून जातात ते थेट मार्च-एप्रिलला परत येतात.

मग तारीख कधीची घ्यायची? माझ्या मते जून शेवट ते ऑगस्ट. तेव्हा बाया गावात असतात आणि मुकादमाकडून, म्हणजे मजूर नेणाऱ्या ठेकेदाराकडून, उचल (आगाऊ पैसे) घ्यायची बोलणीही त्याच दिवसांत चालू असतात, म्हणजे यंदा जायचं का, किती उचल घ्यायची, पोरांना कुणाकडं ठेवायचं हे सगळं तेव्हाच ठरत असतं. आरोग्याचं बोलायचं तर तेव्हाच बोला. २०१९ मध्ये गर्भपिशवी काढण्याच्या शस्त्रक्रियांवर नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली राज्याची समिती बसली, बीड जिल्ह्यात ८२,३०९ ऊसतोड महिलांची पाहणी झाली आणि त्यातल्या १३,८६१ जणींची गर्भपिशवी काढलेली निघाली. हा आकडा आपण परिसंवादात स्लाईडवर दाखवतो, पण त्या बायांसमोर बसून कधी वाचून दाखवतो का? त्या फसलेल्या कार्यशाळेनंतरच्या जुलैमध्ये आम्ही वाचला तेव्हा खोलीत बराच वेळ कुणी बोललं नाही आणि मग एकदम चार जणी बोलायला लागल्या, कारण आपल्यासोबत झालं ते एवढ्या जणींसोबत झालंय हे त्यांना माहितीच नव्हतं.

आता सर्व्हेबद्दल, इथं मी जरा जास्त बोलणार आहे, कारण केंद्राचा सगळ्यात जास्त वेळ आणि पैसा यातच जातो आणि चुकाही इथंच जास्त होतात. आपला फॉर्म असतो, त्यात प्रश्न असतो "तुम्ही काम करता का?" जालना जिल्ह्यात एका ओट्यावर आमची विद्यार्थिनी हा प्रश्न विचारत होती, समोरची बाई म्हणाली, "न्हाई बाई, मी घरीच असते", पोरीनं गृहिणीवर टिक केली आणि पुढच्या प्रश्नावर गेली. मी बाजूला बसले होते, माझं लक्ष त्या बाईच्या हातांकडं गेलं, बोटांवर, मनगटापर्यंत कापसाच्या बोंडांचे बारीक ओरखडे, काही ताजे, काही वाळलेले. मी विचारलं, "मावशी, काल सकाळपासून काय काय केलं?" तर पाणी भरलं, शेण काढलं, भाकरी केल्या, मग दिवसभर कापूस वेचला, येताना सरपण आणलं, परत सैपाक. वेचणीची मजुरी किलोवर मिळते तीही तिनं सांगितली. आणि आमच्या फॉर्मवर ती काम न करणारी बाई! असे दोनशे फॉर्म भरून आपण अहवाल लिहितो की या गावात महिलांचा कामातला सहभाग कमी आहे, आणि उद्या कुणी त्या अहवालावरून योजना आखली तर?

म्हणून तो प्रश्न फॉर्ममधून काढूनच टाका. त्याजागी कालचा दिवस विचारा, उठल्यापासून झोपेपर्यंत. केंद्र सरकारनं २०१९ मध्ये देशभर जे वेळेच्या वापराचं सर्वेक्षण केलं त्यातही चोवीस तासांचा हिशोबच विचारला होता, आपण तेच छोट्या प्रमाणात करायचं. तसंच जमिनीचं. "जमीन कुणाच्या नावावर?" विचारलं की उत्तर येतं "आमच्या नावावर". हे आमच्या म्हणजे नवरा, सासरा, कधी वारलेला आजेसासरा सुद्धा. तिथंच मोबाईलवर सातबारा काढून बघा, दोन मिनिटं लागतात. एका घरात नवरा जाऊन तीन वर्षं झालेली आणि वारस नोंदच झालेली नव्हती, त्यामुळं कर्ज नाही, पीकविमा नाही, काहीच नाही. अशा वेळी फॉर्म बाजूला ठेवा आणि तलाठ्याकडं कोणता अर्ज द्यायचा ते आधी लिहून द्या. मुलींचा वडिलोपार्जित जमिनीतला हक्क महाराष्ट्रानं १९९४ मध्येच कायद्यात आणला, देशानं २००५ मध्ये, पण गावात अजून हक्कसोडपत्रावर बहिणीची सही म्हणजे माहेर टिकवायची किंमत असते. हे विद्यार्थिनींना वर्गात नाही कळत, ओट्यावर कळतं.

आणखी एक, मुलाखतीच्या वेळी सासू किंवा नवरा शेजारी बसलेला असेल तर हिंसेचे, पैशांचे प्रश्न विचारूच नका. उत्तर तर खोटं मिळतंच, पण आपण गेल्यावर तिला त्रास होऊ शकतो. दोघींची टीम ठेवा, एक जण घरच्यांशी बोलत राहील, दुसरी आत चुलीपाशी बसेल. तरी जमलं नाही तर ते पान कोरं सोडा.

बाया लाडकी बहीण विचारतात तेव्हा "तो आमचा विषय नाही" म्हणणं, ही चूक मी फार ठिकाणी बघितली. हप्ता थांबला, ई-केवायसी अडकली, आधार दुसऱ्याच बँकेला लिंक आहे, हेच प्रश्न येतात. अहो, महिन्याला १५०० रुपये हेच तिच्यासाठी सार्वजनिक धोरण आहे, त्याहून जवळचं धोरण तिनं कधी बघितलंच नसेल! सेतू केंद्र चालवणाऱ्या एखाद्या मुलीला सोबत न्या, अर्धा तास फक्त यालाच द्या. मग बघा पुढचं बोलणं किती मोकळं होतं.

आता सरकारचं कॅलेंडर. ग्रामसभेआधी महिलांची स्वतंत्र सभा घ्यायची असा नियम आहे आणि ग्रामसभा साधारण २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट, २ ऑक्टोबरला होतात हे सगळ्यांना माहितीय. तरी आपल्या नियोजनात या तारखा कुठं असतात? नसतात. आम्ही एका गावात महिला सभेला म्हणून गेलो तर सभा नव्हतीच, रजिस्टर घरोघर फिरत होतं, शिपाई सह्या आणि अंगठे घेत होता. तिथं भांडून काही होत नाही. पुढच्या सभेच्या पंधरा दिवस आधी जायचं, बचत गटाच्या बायांसोबत बसायचं, एकच मुद्दा ठरवायचा. ग्रामपंचायतीनं स्वतःच्या उत्पन्नातला १० टक्के पैसा महिला आणि बालकल्याणावर खर्च करायचा असतो, तो मागच्या वर्षी किती होता आणि कशावर गेला, एवढंच विचारायचं. २ ऑक्टोबरपासून गावाच्या पुढच्या वर्षाच्या विकास आराखड्याचं काम चालू होतं, म्हणून हा मुद्दा मार्चमध्ये विचारून काही उपयोग नाही, तोपर्यंत आराखडा गेलेला असतो.

सरपंच बाईंना फोन केला की सरपंचपती उचलतात आणि आपण वेळ जमावी म्हणून त्यांच्याशीच सगळं ठरवून टाकतो, ही चूक आमचीही व्हायची. राज्यात पंचायतीत महिलांना ५० टक्के आरक्षण २०११ पासून आहे, आणि विद्यापीठाचंच केंद्र जर पतीशी बोलत असेल तर आपण काय शिकवतोय? फोनवर सांगायचं, ताईंना द्या. नाही दिला तर घरी जायचं. कार्यक्रमात व्यासपीठावर एकच खुर्ची, ताईंची, हे आधीच स्पष्ट सांगायचं. भाषण येत नाही म्हणाल्या तर प्रश्नोत्तरं ठेवा, त्या बरोबर बोलतात.

व्याख्यानांच्या विषयाबद्दल थोडक्यात सांगते. "महिला सक्षमीकरण: आव्हाने आणि संधी" हे शीर्षक कृपया सोडून द्या. महाराष्ट्रानं देशात पहिलं महिला धोरण आणलं १९९४ मध्ये, मराठवाडा विद्यापीठाच्या नामविस्ताराचंच ते वर्ष, पुढं २००१, २०१४ आणि २०२४ मध्ये नवीन आली. ही चारही धोरणं विद्यार्थिनींना वाटून द्या आणि एकच विषय, समजा बालविवाह, चारही ठिकाणी काय लिहिलंय ते शोधायला लावा. गावात बालविवाह प्रतिबंधक अधिकारी म्हणजे ग्रामसेवक, हे किती जणींना माहिती असतं? १०९८ हा मुलांसाठीचा मदतीचा नंबर किती जणींच्या मोबाईलमध्ये असतो? असा एक दिवस तीन व्याख्यानांपेक्षा जास्त देऊन जातो.

लैंगिक छळविरोधी कायद्याचं प्रशिक्षण कॉलेजांना देतो तेव्हा आधी त्या कॉलेजच्या, छळाच्या तक्रारी ऐकणाऱ्या अंतर्गत समितीचा बोर्ड बघा. नावं जुनी, नंबर बंद, असं असेल तर तो बोर्ड त्या दिवशीच बदलून घ्या, मगच प्रशिक्षण.

वेळेचं तर सांगायलाच नको असं वाटतं, पण सांगते. पाचला संपणारा कार्यक्रम तालुक्याच्या बाईसाठी नसतो, तिची शेवटची एसटी गेलेली असते. अकरा ते तीन ठेवा, प्रवासखर्च रोख आणि त्याच दिवशी द्या, पोरं सांभाळायला दोन विद्यार्थिनी आणि एक सतरंजीवाली खोली ठेवा. बजेटमध्ये ही ओळ सुरुवातीलाच टाका, नंतर मंजूर होत नाही.

आणि शेवटी अहवाल. दीडशे पानांचा इंग्रजी अहवाल कपाटात जातो, ज्या गावानं माहिती दिली त्या गावाला काहीच मिळत नाही, म्हणून दुसऱ्यांदा गेलं की बाया म्हणतात "मागच्या बारीलाबी लिहून नेलं होतं". आम्ही आता प्रत्येक गावासाठी एक पान काढतो, मराठीत, मोठ्या अक्षरात, किती जणींची वारस नोंद राहिलीय, किती पोरी दहावीनंतर घरी बसल्यात, १० टक्क्यांचा पैसा कुठं गेला. ते पान बायांसमोर वाचतो, चुकलं असेल तर तिथंच दुरुस्त करतो, मग एक प्रत ग्रामसेवकाला, एक गटविकास अधिकाऱ्यांना. देताना पोच घ्यायला विसरू नका, शिक्का आणि तारखेसकट. ती पोच केंद्राच्या फाईलला नाही, गावातल्या बचत गटाच्या अध्यक्षताईंकडं ठेवा, पुढच्या ग्रामसभेत ती त्यांच्या हातात लागते.