बाबांसोबत लांबचा सायकलप्रवास: ओझं तुमच्याकडे, वेग त्यांच्या हाती

किनाऱ्यालगतच्या रस्त्यावर चढ-उतार संपत नाहीत. तरुण पाय पुढे निघून जातात आणि माथ्यावर वाट बघत बसतात. दमलेले बाबा पोचले की लगेच पुन्हा निघायची घाई! ज्याला विश्रांती हवी, त्यालाच ती मिळत नाही. तिसऱ्या दिवशी हे माझ्या लक्षात आलं, आणि आम्ही असं केलं:

१. तंबू, सायकल दुरुस्तीची हत्यारं, जादा पाणी असं सगळं जड सामान माझ्या सायकलवर घेतलं. बाबांकडे फक्त पाण्याची बाटली, खाऊ आणि रेनकोट. आमच्यातला निम्मा फरक इथेच मिटला.

२. चढावर बाबा पुढे, मी मागे. वेग तेच ठरवतात. त्यांना पूर्ण वाक्य बोलता येतंय ना, एवढंच मी ऐकत राहते. शब्द तुटायला लागले की गिअर हलका करायला सांगते.

३. सपाटीवर समोरून वारा आला की मी पुढे, बाबा माझ्या आडोशाला. याने त्यांचे पाय खरंच वाचतात. मात्र खड्डा दिसला की हाताने खूण करायची आणि ओरडून सांगायचं, कारण मागच्याला रस्ता दिसत नाही.

४. दुपारी समुद्रावरचा वारा वाढतो, म्हणून मोठा टप्पा सकाळीच उरकायचा.

एक जपा: उतारावर आणि ओल्या रस्त्यावर आडोसा सोडून दोघांत भरपूर अंतर ठेवा. पुढच्याच्या मागच्या चाकाला आपलं पुढचं चाक लागलं, तर बहुधा मागचाच पडतो.