अमेरिकन साहित्यावर समीक्षा लिहिताना या चुका टाळा

अमेरिकन साहित्याच्या पेपरची उत्तरं तपासताना एक वाक्य हमखास भेटतं : ‘लेखकाने प्रतीकांचा सुंदर वापर केला आहे.’ कुठलं प्रतीक, कुठल्या प्रसंगात, त्याने काय साधलं, याबद्दल पुढे अक्षर नाही. एका परिच्छेदात आशय, दुसऱ्यात तंत्र, आणि दोघांची गाठ कुठेच पडत नाही. मला ही सगळ्यात मोठी चूक वाटते, कारण मेहनत करूनही मुलांचे गुण इथेच जातात.

फिट्झगेराल्डच्या ‘द ग्रेट गॅट्सबी’ (१९२५) या कादंबरीतला हिरवा दिवा घ्या. ‘हिरवा दिवा म्हणजे आशा’ हे गाइडमधलं वाक्य सगळे उतरवतात. पहिल्या प्रकरणाच्या शेवटी गॅट्सबी अंधारात, पाण्यापलीकडच्या त्या दिव्याच्या दिशेने हात पसरतो, तिथपर्यंत ते ठीकच आहे. पण पाचव्या प्रकरणात, जिच्या धक्क्यावर तो दिवा आहे ती त्याची प्रेयसी डेझी त्याच्या हातात हात घालून शेजारी उभी असते आणि निवेदक निकला वाटतं, गॅट्सबीच्या दृष्टीने त्याच्या मंतरलेल्या वस्तूंमधली एक आज कमी झाली. दिवा पुन्हा धक्क्यावरचा साधा दिवा झाला. हवं ते जवळ आलं आणि त्याच क्षणी त्याची जादू ओसरली! शेवटच्या पानावर तोच दिवा दरवर्षी आपल्या सगळ्यांपासूनच दूर सरकणाऱ्या भविष्याचा होतो. हा बदल दाखवलात की आशय आणि तंत्र वेगळे लिहावेच लागत नाहीत.

याच कादंबरीवर लिहिताना ‘फिट्झगेराल्ड अमेरिकन ड्रीम हा शब्द वापरतो’ असं लिहू नका. तो शब्दप्रयोग कादंबरीत नाही. तो रूढ झाला इतिहासकार जेम्स ट्रस्लो अॅडम्स यांच्या १९३१ च्या पुस्तकामुळे. समीक्षेची संज्ञा म्हणून खुशाल वापरा, पण ती लेखकाच्या तोंडी घालू नका.

दुसरी चूक, निवेदकालाच लेखक समजणं. मार्क ट्वेनच्या ‘हकलबरी फिन’ या कादंबरीच्या एकतिसाव्या प्रकरणात निवेदक हक हा जिम या पळालेल्या गुलामाचा ठावठिकाणा कळवणारं पत्र लिहितो, मग ‘ठीक आहे, जाईन नरकात’ म्हणतो आणि ते फाडतो. अनेक जण लिहितात, ‘हकला गुलामगिरी चुकीची असल्याचं कळलं.’ पण त्याला ते कळलेलं नाही. आपण पापच करतोय, अशी त्याची खात्री आहे. जिमला वाचवणं हे त्याला पाप वाटतं आणि आपल्याला पुण्य. ट्वेनचं सगळं बळ या दरीत आहे. सालही तपासा : कादंबरी अमेरिकेत १८८५ मध्ये आली, गुलामगिरी कायद्याने संपली १८६५ मध्ये. म्हणजे ट्वेन गुलामगिरीच्या काळाकडे मागे वळून पाहतोय.

तिसरी चूक, कवितेत शेवटच्या ओळींवर झडप घालणं. फ्रॉस्टच्या ‘द रोड नॉट टेकन’वर ‘वेगळी वाट निवडा’ असा संदेश लिहून मुलं मोकळी होतात. मधली ओळ वाचा : येण्याजाण्याने दोन्ही वाटा जवळपास सारख्याच मळलेल्या होत्या. वेगळेपणाची गोष्ट कवितेतला माणूस पुढे कधीतरी सुस्कारा टाकत सांगणार आहे. क्रियापद भविष्यकाळी आहे, आणि ते का, हाच उत्तराचा गाभा.

चौथी चूक, विषय कळला की कथा सोडून सामाजिक प्रश्नावर निबंध लिहिणं. हेमिंग्वेच्या ‘हिल्स लाइक व्हाइट एलिफंट्स’ (१९२७) या कथेत हे फार होतं. स्पेनमधल्या एका स्टेशनवर गाडीची वाट पाहणारे दोघं गर्भपाताबद्दल बोलत असतात, पण तो शब्द कथेत एकदाही येत नाही. पुरुष नुसतं ‘ऑपरेशन’ म्हणतो, ते किती साधं आहे हे पुन्हा पुन्हा सांगतो. शेवटी मुलगी त्याला गप्प बसायला सांगते, तेव्हा एका वाक्यात ‘प्लीज’ सात वेळा येतं. गर्भपाताच्या कायद्यावर पान भरण्याऐवजी त्या सात ‘प्लीज’वर एक परिच्छेद लिहून बघा.