पुड्या मृगाआधी भरा, भाव पुढच्या खेपेचा धरा

श्रावण लागला की गावोगावची भजनी मंडळं कपाटातली वाद्यं बाहेर काढतात. मग गणपती, नवरात्र, आश्विनात मोझरीला तुकडोजी महाराजांची पुण्यतिथी, कार्तिकातला काकडा, अशी रांगच लागते. वाद्यदुरुस्तीच्या दुकानात गर्दी याच चार महिन्यांत, आणि पुडी, म्हणजे तबल्या-पखवाजाच्या तोंडावर बसवायचं तयार कातडं, मिळत नाही तीही याच दिवसांत. पावसाळी हवेत कातडं वाळत नाही. शाई, म्हणजे पुडीवरचा काळा गोल, थरावर थर घोटून चढवावी लागते, आधीचा थर ओला असताना पुढचा दिला तर महिनाभरात तिचे पोपडे निघतात. त्यामुळे चांगला कारागीर पावसाळ्यात ऑर्डर लांबवतो आणि जो लांबवत नाही त्याच्याकडून घेऊ नये. तबल्या-पखवाजाच्या पुड्या ७ जूनच्या आत दुकानात आलेल्या बऱ्या.

ऑर्डर देताना जुन्या पुडीचं माप कळवू नका; ती ताणून वाढलेली असते. खोडाचं (वाद्याच्या लाकडी अंगाचं) तोंड बाहेरच्या कडेपासून कडेपर्यंत मोजा, आडवं आणि उभं दोन्ही. आपल्याकडच्या उन्हाळ्यात लाकूड आकसून तोंड लंबगोल झालेलं असतं, दोन मापांत फरक दिसला तर तोही कळवा. पाव इंच चुकलं तरी गजरा (पुडीच्या कडेची कातडी वेणी) एकतर काठावरच अडतो किंवा फार खाली उतरतो, मग सूर काठाभोवतीच्या १६ घरांत सारखा लागत नाही.

पार्सल आलं की घेतानाच उघडा. पुडी उजेडासमोर धरा: चाटीजवळ (काठाच्या पट्टीजवळ) चाकूची खाच असेल तर तिथं कातडं जास्त पारदर्शक दिसतं, आणि फाटतं तिथूनच. शाईवर केसासारखी बारीक नक्षी चालते, आरपार तडा चालत नाही. पुड्या पत्र्याच्या डब्यात उभ्या ठेवा, डांबरगोळ्या चिंधीत बांधून, नाहीतर कसर लागते. प्लास्टिकच्या पिशवीत बांधल्या की जुलैत बुरशी आलीच.

आता भाव. आकडे उदाहरणाचे आहेत, तुमचे घाला. १० पुड्या ६०० रुपयांनी ६,०००, गाडीभाडं ३००, एकूण ६,३००. दहात एक खराब निघते असं धरा, उरल्या ९. म्हणजे पुडी ६०० ला नाही, ७०० ला पडली. बसवायला, वादी (पुडी ताणायची कातडी पट्टी) ओढायला, सुरात आणायला ३ तास, तासाला १२० प्रमाणे ३६०. झाले १,०६०. त्यावर दुकानखर्च आणि नफा २० टक्के, म्हणजे १,२७२. बहुतेक जण खराब पुडी आणि स्वतःचे तास धरतच नाहीत.

पुढची खेप ७०० ने आली तर तीच पुडी ८११ ला पडते. जुना माल शिल्लक आहे म्हणून जुन्याच भावात दिला, तर २१२ च्या नफ्यातले १११ पुढची पुडी घेतानाच जातात. म्हणून भाव पुढच्या खेपेचा धरा. गिऱ्हाईक कुरकुरतं, पण आधी सांगितलं तर ऐकतं. चिठ्ठीवर "भाव १५ दिवसांसाठी" असं लिहा, आणि मालाचे ८११ आगाऊ घ्या. बाकी कापूस विकल्यावर देतो म्हणणाऱ्या मंडळाला नाही म्हणवत नाही, ते ठीक. पण उधारी मजुरीची ठेवा, मालाची नाही. हातानं बनवलेल्या देशी वाद्यांवर जीएसटी शून्य आहे, तेव्हा तबल्या-पखवाजाच्या बिलात कर लावलेला दिसला तर विचारा.

खंजिरीचं वेगळं. तिला शाई नाही, कातडं गावच्या खाटकाकडून मिळतं. बकरी ईद दरवर्षी १०-११ दिवस अलीकडे सरकते. २०२६ ची मे अखेरीस, म्हणजे कातडं मुबलक आणि वाळायला पावसाआधी थोडेच दिवस. ४ तासांच्या आत मांसाच्या बाजूनं भरपूर मीठ चोळा. उन्हात टाकू नका. ४५ अंशांत वरची बाजू कडक होते, आत ओल राहते, आणि मढवताना कातडं चिरतं. सावलीत चौकटीवर ताणा. कुणी घोरपडीचं कातडं आणून दिलं तर हात लावू नका. घोरपड १९७२ च्या वन्यजीव कायद्यानं संरक्षित आहे. कातड्याऐवजी फायबरचं पान चालतं, पावसात उतरतही नाही, मात्र ते फायबरचं आहे हे सांगून द्या.

पेटीची (हार्मोनियमची) पत्ती, म्हणजे स्वर देणारी धातूची जीभ, तुटली तर सगळा संच मागवू नका. तुटलेली पत्तीच नमुना म्हणून पाठवा, सोबत स्वर आणि खरज (खालच्या आवाजाची) की नर (त्याहून वरच्या आवाजाची) ते लिहा. गुजरातेतल्या पालिताण्याकडची पत्ती लांबीला जुळते, पण स्क्रूची भोकं जुळतीलच असं नाही. जुन्या मोडक्या पेट्या भंगारात जाण्याआधी घेऊन ठेवल्या तर सणाच्या आदल्या दिवशीही काम निघतं.