इंग्रजी वाक्प्रचाराचा अर्थ कसा लावावा

इंग्रजी वाक्यातील सगळे शब्द ओळखीचे असूनही अर्थ प्रसंगाशी जुळत नसेल, तर तेथे वाक्प्रचार आहे का, हे आधी पाहावे. गोपनीय बैठकीच्या बातमीत मध्येच ‘स्पिल द बीन्स’ आले, तर कडधान्याचा विचार सोडून ते शब्द मिळून एकच क्रियापद आहे असे धरावे आणि मागची-पुढची दोन-तीन वाक्ये पुन्हा वाचावीत. काय लपवले होते आणि ते कोणी बाहेर सांगितले, याचा उल्लेख बहुधा तेथेच असतो व ‘गुपित फोडणे’ हा अर्थ उलगडतो.

तरीही असा तर्क शब्दकोशात पडताळलाच पाहिजे. शब्दकोशांत वाक्प्रचार सहसा त्यातील एखाद्या मुख्य शब्दाच्या नोंदीत, शेवटी दिलेले असतात. नामाखाली न सापडल्यास क्रियापदाखाली पाहावे. अर्थासोबतचा शेराही वाचावा. ‘किक द बकेट’ म्हणजे मरणे, एवढेच टिपून ठेवणारा तो शोकसंदेशात वापरून बसेल. त्याचा सूर आपल्या ‘गचकणे’च्या जवळचा आहे. शिवाय त्याची रचना ताठर आहे: कर्मणी प्रयोग केला की उरते ती लाथ मारलेली बादलीच. ‘द बीन्स वेअर स्पिल्ड’मध्ये मात्र लाक्षणिक अर्थ टिकतो.

मराठी वाचकाने सर्वाधिक सावध राहावे ते ओळखीच्या वाटणाऱ्या वाक्प्रचारांबाबत. ‘यू आर पुलिंग माय लेग’ हे वाचताच आपल्याला पाय ओढणे आठवते आणि बोलणारा समोरच्यावर आपल्या प्रगतीत अडथळे आणल्याचा आरोप करतो आहे असे वाटते. वास्तविक तो ‘माझी थट्टा करतोयस ना?’ एवढेच विचारत असतो. उलट ‘स्टॅब इन द बॅक’ आणि पाठीत खंजीर खुपसणे यांचा अर्थ जुळतो. साम्य दिसले तरी पडताळणी टाळू नये, ती यासाठीच.

शेवटी लेखक कोणत्या देशातला आहे, हेही पाहावे. ‘स्टिकी विकेट’ म्हणजे अवघड परिस्थिती, हे क्रिकेटमुळे आपल्याला चटकन उमगते, पण ‘बॉलपार्क फिगर’ म्हणजे ढोबळ आकडा, हे बेसबॉलशी परिचय नसल्याने शोधावे लागते. ‘टेबल अ मोशन’ तर ब्रिटनमध्ये प्रस्ताव चर्चेसाठी मांडणे आणि अमेरिकेत तोच लांबणीवर टाकणे ठरते. तेव्हा सभावृत्तान्त वाचताना तो कोणत्या देशातला आहे हे पाहूनच अर्थ पक्का करावा.