मज्जासंस्था शिकायची तर करंगळीपासून सुरुवात करा

फिजिओथेरपीच्या पहिल्या वर्षाला मी शरीररचना शिकवते. मज्जासंस्थेचं प्रकरण मुलं मेंदूपासून वाचायला घेतात, कारण पुस्तकं तिथूनच सुरू होतात. मग नावांचा ढीग पडतो आणि काही दिवसांत सगळं एकमेकांत मिसळून जातं. माझा आग्रह उलटा आहे. स्वतःच्या हातापासून सुरू करा आणि वर चढत मेंदूपर्यंत जा. प्रत्येक नर्व्हला तीनच प्रश्न विचारायचे: निघते कुठून, वाटेत कशाला खेटून जाते, आणि शेवटी कुठल्या स्नायूला नि कातडीच्या कुठल्या तुकड्याला पोचते.

साहित्य फार लागत नाही. धुतल्यावर निघणारं स्केच पेन, कागदाला लावायची एक क्लिप, पाय लोंबकळतील असं उंच टेबल आणि जमल्यास एक जोडीदार.

आधी एवढाच आराखडा डोक्यात ठेवा. कवटीत मेंदू, पाठीच्या कण्यात मज्जारज्जू. हे दोन मिळून मध्यवर्ती मज्जासंस्था. त्यांच्यापासून निघणाऱ्या नर्व्ह म्हणजे परिघीय मज्जासंस्था: मेंदूशी जोडलेल्या १२ जोड्या आणि मज्जारज्जूतून निघणाऱ्या ३१ जोड्या. बाकीचं करत करत येईल.

हात

कोपर वाकवा. मागे टोकदार हाड लागेल आणि आतल्या बाजूला, म्हणजे अंगाकडच्या बाजूला, एक उंचवटा. या दोघांमधल्या खोबणीत तर्जनी ठेवून हलकेच आडवी फिरवा. सुतळीसारखं काहीतरी बोटाखालून सटकेल आणि करंगळीत झिणझिण्या उठतील. ही अल्नर नर्व्ह. कोपर आपटल्यावर जी कळ जाते ती हिचीच, कारण इथे तिच्यावर कातडीखेरीज फारसं आवरण नाही. जोर लावू नका, पुन्हा पुन्हा चोळूही नका.

आता पेन घ्या. करंगळी पूर्ण आणि अनामिकेचा करंगळीकडचा अर्धा भाग, पुढून आणि मागून, रंगवा. तळहाताची आणि पंजाच्या पाठीची तीच कडा रंगवा. झाला अल्नरचा इलाका. तळहाताच्या बाजूने अंगठा, तर्जनी, मधलं बोट आणि अनामिकेचा उरलेला अर्धा भाग मीडियन नर्व्हचा. पंजाच्या पाठीवर अंगठा आणि तर्जनी यांच्या मधली जागा रेडियल नर्व्हची. तिन्हींना वेगळे रंग द्या.

अनामिकेच्या मधून जाणारी ती सीमारेषा मला फार महत्त्वाची वाटते. ती एकदा कळली की करंगळीच्या बधिरपणाची चौकशी आपली आपण करता येते. करंगळी बधिर आहे पण पंजाची पाठ ठीक आहे? मग दाब बहुधा मनगटाशी आहे, कारण पंजाच्या पाठीला जाणारी अल्नरची फांदी मनगटाच्या काही सेंटिमीटर आधीच वेगळी होते. पंजाची पाठही बधिर आहे? मग दाब त्याच्या वर, बहुतेक कोपराशी. आणि कोपरापासून मनगटापर्यंतची आतली कातडीसुद्धा बधिर असेल तर कोपर सोडा आणि काखेकडे, मानेकडे बघा. त्या कातडीला जाणारी नर्व्ह अल्नरची नाहीच. ती काखेजवळच्या नर्व्हच्या जाळ्यातून स्वतंत्र निघते. एका बोटाची तक्रार, आणि जागा तीन. रंगवलेल्या हाताकडे बघत हे तिन्ही प्रसंग स्वतःशी मोठ्याने बोलून बघा.

कातडी झाली, आता स्नायू. पंजा टेबलावर पालथा ठेवा, तर्जनी अंगठ्याच्या दिशेने सरकवा आणि दुसऱ्या हाताने तिला अडवा. अंगठा आणि तर्जनी यांच्या मधला स्नायू टणक होईल. जागा अंगठ्याशेजारची असली तरी तो चालवते अल्नरच. तिथली कातडी मात्र आपण रेडियलला दिली आहे. कातडी एकीची आणि तिच्या खालचा स्नायू दुसरीचा, असं शरीरात बऱ्याच ठिकाणी आहे. म्हणून दोन्ही वेगवेगळे तपासायचे.

क्लिप इथे वापरा. ती सरळ करून तिची दोन टोकं दोन-तीन मिलिमीटरवर आणा. जोडीदाराचे डोळे मिटलेले असू द्या. बोटाच्या टोकावर हलकेच टेकवली तर त्याला बहुधा दोन टोकं कळतील. पाठीवर तीच टोकं दोन-तीन सेंटिमीटर लांब केली तरी एकच वाटण्याची शक्यता जास्त. बोटाच्या टोकाला चेतातंतू दाटीने असतात, आणि मेंदूतही बोटांच्या वाट्याला पाठीपेक्षा कितीतरी मोठी जागा आहे.

मानेपासून माकडहाडापर्यंत

मान पुढे झुकवा. मागे सगळ्यांत जास्त वर येणारा मणका बहुतेकांत मानेचा सातवा असतो. मानेत मणके ७ पण नर्व्हच्या जोड्या ८, आणि इथे दरवर्षी कोणीतरी अडतंच. उलगडा सोपा आहे: पहिल्या सात जोड्या आपापल्या मणक्याच्या वरून बाहेर पडतात, आठवी सातव्या मणक्याच्या खालून. तिथून पुढे प्रत्येक जोडी आपल्या मणक्याच्या खालून निघते. छातीच्या १२, कमरेच्या ५, त्रिकास्थीच्या, म्हणजे कमरेखालच्या त्रिकोणी हाडाच्या, ५, माकडहाडाची १. बेरीज करून बघा, ३१ येते.

या जोड्यांनी कातडी पट्ट्यापट्ट्यांनी वाटून घेतलेली आहे. सगळा नकाशा पाठ करू नका, खुणेच्या जागा धरा. अंगठा मानेची सहावी, मधलं बोट सातवी, करंगळी आठवी. स्तनाग्रांची पातळी छातीची चौथी, बेंबी दहावी. पायाच्या अंगठ्याकडची पंजाची पाठ कमरेची पाचवी, पायाच्या करंगळीची कडा त्रिकास्थीची पहिली.

आता दोन्ही हात कमरेवर ठेवून हाडाची वरची कड शोधा आणि दोन्ही कडा जोडणारी रेघ पाठीवर मनातल्या मनात ओढा. ती कमरेच्या चौथ्या मणक्याच्या आसपास जाते. मोठ्या माणसाचा मज्जारज्जू साधारण ४५ सेंटिमीटर लांब असतो आणि या रेघेच्या बराच वर, कमरेच्या पहिल्या-दुसऱ्या मणक्याशी संपतो. खालच्या पोकळीत फक्त नर्व्हची मुळं पाण्यात लोंबत असतात. पाठीतून पाणी काढताना डॉक्टर याच रेघेच्या आसपास सुई घालतात ते म्हणून. तिथे रज्जूला इजा व्हायचा धोका राहत नाही.

गुडघ्याचा झटका

हा प्रयोग टाळू नका. रज्जूचं काम डोळ्यांनी दिसतं ते इथे.

टेबलावर बसून पाय सैल सोडा. गुडघ्याच्या वाटीखाली, नडगीचा उंचवटा सुरू होण्याआधी, दोन बोटं रुंदीची घट्ट पट्टी लागेल. ती मांडीच्या पुढच्या स्नायूची कंडरा. तिच्यावर पंजाच्या कडेने नेमका, झटपट टोला द्या आणि हात लगेच उचला. पाय पुढे उडेल. उडाला नाही तर दोन्ही हातांची बोटं एकमेकांत अडकवून जोराने ओढा आणि त्याच क्षणी जोडीदाराला टोला मारायला सांगा. ही युक्ती बहुतेक वेळा लागू पडते.

घडतं ते असं. टोल्यामुळे मांडीचा स्नायू किंचित ताणला जातो. ताणाची बातमी मांडीच्या पुढच्या स्नायूला जाणाऱ्या फिमोरल नर्व्हमधून कमरेच्या तिसऱ्या-चौथ्या पातळीवर, मागच्या मुळातून रज्जूत शिरते. तिथे ती थेट स्नायू चालवणाऱ्या चेतापेशीला भेटते, मध्ये एकही पेशी नाही. हुकूम पुढच्या मुळातून बाहेर पडतो आणि स्नायू आकसतो. त्याच वेळी रज्जूतलीच एक मधली पेशी मांडीच्या मागच्या स्नायूला थोपवते, नाहीतर दोन्ही स्नायू एकमेकांविरुद्ध ओढत बसले असते. संवेदना मागून आत, हालचालीचा हुकूम पुढून बाहेर: हा नियम प्रत्येक पातळीवर तोच आहे.

काही निरोगी माणसांत हा झटका मंदच असतो. डावा आणि उजवा सारखा आहे का, हे बघायचं.

पायात आणखी एकच जागा शोधा. गुडघ्याच्या बाहेरच्या बाजूला, जरा खाली, हाडाचं गोल डोकं लागतं. त्याच्या खालच्या मानेला वळसा घालून एक नर्व्ह जाते. पायावर पाय टाकून फार वेळ बसल्यावर पायाचा पंजा उचलता येईनासा होतो, तेव्हा बहुधा हीच दबलेली असते.

मेंदू, आता

डोक्याच्या मागे मधोमध हाडाचा उंचवटा लागतो. त्याच्या वरच्या अंगाला आत दृष्टीचा भाग, खालच्या अंगाला छोटा मेंदू. एका कानापासून टाळूवरून दुसऱ्या कानापर्यंत बोट फिरवा. साधारण या पट्ट्यात, पुढे हालचालीचा आणि त्याला लागून मागे स्पर्शाचा भाग आहे. डावी बाजू उजवं अंग चालवते, कारण हालचालीचे बहुतेक तंतू मेंदूच्या स्तंभाच्या, म्हणजे मेंदूला मज्जारज्जूशी जोडणाऱ्या भागाच्या, तळाशी बाजू बदलतात. छोटा मेंदू मात्र आपल्याच बाजूचं अंग सांभाळतो. तळहातावर दुसरा हात भराभर उलटसुलट आपटून बघा. ती लय त्याचं काम आहे.

मेंदूचा स्तंभ बाहेरून हाताला लागत नाही, तेव्हा त्याचं काम बघा. अक्षरांचा कागद समोर धरून जोरात डावी-उजवीकडे हलवा. अक्षरं पुसट होतात. आता कागद स्थिर ठेवून डोकं तेवढ्याच जोरात हलवा. अक्षरं वाचता येतात! आतल्या कानाची बातमी मेंदूच्या १२ जोड्यांमधल्या आठव्या नर्व्हने स्तंभात जाते, आणि तिसरी, चौथी नि सहावी नर्व्ह डोळ्यांना उलट दिशेला फिरवतात.

स्वायत्त संस्था म्हणजे हृदयासारखी आपल्या इच्छेवाचून चालणारी कामं सांभाळणारा भाग. तिच्यासाठी नाडीवर बोट ठेवून संथ, खोल श्वास घ्या. श्वास आत घेताना ठोके किंचित जलद आणि सोडताना संथ होतात. हा मुख्यतः दहाव्या नर्व्हचा, व्हेगसचा, परिणाम. या संस्थेचे शरीराला धावपळीसाठी तयार करणारे तंतू छातीच्या पहिल्या पातळीपासून कमरेच्या दुसरीपर्यंत निघतात. विसाव्याकडे नेणारे मेंदूच्या स्तंभातून, आणि तळाशी त्रिकास्थीच्या दुसरी ते चौथी पातळीतून.

या तळाच्या मुळांकडे लक्ष द्या. मूत्राशय त्यांच्यावर चालतं आणि बैठकीच्या जागेची, गुदद्वाराभोवतीची कातडीही त्यांचीच. ती सगळी कमरेच्या त्या रेघेपाशी एकत्र लोंबत असतात, त्यामुळे तिथे दोन मणक्यांमधली चकती मोठ्या प्रमाणात सरकली तर एकदम दाबली जातात. कंबरदुखीबरोबर कोणाला बैठकीची जागा बधिर वाटू लागली, लघवी अडली किंवा नकळत होऊ लागली, दोन्ही पायांतली ताकद कमी झाली, तर शेक, मालीश, व्यायाम काहीही न करता त्याच क्षणी इस्पितळ गाठायचं.