गिटने मॉड अपडेट करताय? मग या चुका टाळा

मॉडची (गेममध्ये बदल किंवा भर घालणाऱ्या फाइलींची) नवी झिप उतरवायची, जुन्या फोल्डरवर टाकायची, "रिप्लेस करू का?" ला होय म्हणायचं आणि गेम मेनूपर्यंतसुद्धा पोचत नाही, कारण लेखकाने नव्या व्हर्जनमधून जी फाइल काढून टाकली ती तुमच्याकडे अजून ठाण मांडून बसलीय. हे प्रत्येकाने केलेलं असतं. याच वैतागातून बरेच जण गिटकडे, म्हणजे फाइलींच्या प्रत्येक बदलाची नोंद ठेवणाऱ्या प्रोग्रामकडे, वळतात, कारण गिट पुल (नवे बदल ओढून आणणारी कमांड) मारला की बदललेलं बदलतं, काढलेलं निघून जातं, आणि अख्खा मॉड दरवेळी उतरवावा लागत नाही. पण मग गिटच्याच नावाने बोटं मोडणं सुरू होतं, आणि बघायला गेलं तर बहुतेक वेळा गडबड एकच असते, लेखकाच्या फाइली आणि आपल्या फाइली एकाच फोल्डरात कालवलेल्या असतात.

आधी एक बारकी चूक. गिटहबवरच्या (गिटचे प्रोजेक्ट ठेवायची साइट) "डाउनलोड झिप" बटणाने आणलेली कॉपी म्हणजे क्लोन, गिटने इतिहासासकट घेतलेली कॉपी, नव्हे. त्यात .गिट नावाचं लपलेलं फोल्डर नसतं, त्यामुळे तिथे पुल मारला की "नॉट अ गिट रिपॉझिटरी" असं उत्तर येतं (रिपॉझिटरी किंवा रेपो म्हणजे गिट सांभाळतं ते फोल्डर). फोल्डरच्या नावामागे -मेन किंवा -मास्टर चिकटलेलं दिसलं तर समजायचं की झिप आहे. ते फोल्डर बाहेर हलवा आणि गिट क्लोन करा, भरलेल्या फोल्डरात क्लोन होणार नाही. आणि क्लोन झाल्यावर एकदा आत डोकावून बघा, कारण कधी कधी खरा मॉड एक पायरी खाली असतो आणि गेमला तो सापडतच नाही.

आता मुख्य दुखणं. तुम्ही कधीतरी एका बंदुकीचं डॅमेज १८ चं २२ केलेलं असतं, विसरूनही गेलेले असता, दोन महिन्यांनी पुल मारता आणि गिट म्हणतं की युअर लोकल चेंजेस वुड बी ओव्हररिटन (तुमचे बदल पुसले जातील), खाली अबॉर्टिंग (थांबतोय). इथे लोक घाबरतात आणि कुठून तरी गिट रिसेट --हार्ड (तुमचे बदल पुसून टाकणारी कमांड) कॉपी करून मारतात. अहो, अबॉर्टिंग म्हणजे त्याने काहीच केलेलं नाही, तुमच्या फाइली जिथल्या तिथे आहेत! नुकसान होतं ते त्या रिसेटने, कारण कमिट (गिटमध्ये नोंद) किंवा स्टॅश (तात्पुरता बाजूला ठेवणं) न केलेला बदल रिफ्लॉगमध्येही (गिटने ठेवलेली मागच्या हालचालींची यादी) सापडत नाही, गेला तो गेलाच.

त्याऐवजी आधी गिट स्टेटस बघा म्हणजे कुठली फाइल बदललीय ते कळेल, मग गिट स्टॅश, मग गिट पुल, मग गिट स्टॅश पॉप (बाजूला ठेवलेलं परत आणणं). लेखकानेही नेमकी तीच ओळ बदलली असेल तर कॉन्फ्लिक्ट (दोन बदलांची टक्कर) येणार आणि गिट फाइलमध्येच खुणा टाकून ठेवणार, आधी सात वेळा <, मधे सात वेळा =, शेवटी सात वेळा >. मी एकदा ते न बघताच गेम चालू केला आणि तासभर मॉडच्या लेखकाला मनातल्या मनात शिव्या घातल्या, शेवटी लॉग उघडला तर एक्सएमएल (मॉडचे आकडे असलेली फाइल) वाचता येत नाही म्हणून सरळ लिहिलेलं, आणि त्या ओळीवर माझाच २२ आणि त्याचा २० एकाखाली एक बसलेले. दोन्हीपैकी हवं ते ठेवा, खुणांच्या ओळी पुसा, गिट ॲड करा. कॉन्फ्लिक्ट आला असेल तर स्टॅशमधली कॉपी आपोआप पुसली जात नाही, त्यामुळे घाबरायचं कारण नाही, सगळं नीट झालं की गिट स्टॅश ड्रॉप (ती कॉपी पुसणं).

पण दर अपडेटला हे करत बसणं म्हणजे शिक्षाच आहे. गेम चालवून घेत असेल तर तुमचे चार आकडे वेगळ्या छोट्या मॉडमध्ये टाका आणि तो लोड ऑर्डरमध्ये (गेम मॉड उघडतो त्या क्रमात) नंतर ठेवा, मूळ फोल्डरला हातच लावू नका. ते जमत नसेल तर स्वतःची ब्रँच (बदलांची वेगळी फांदी) करून बदल कमिट करा आणि लेखकाचं नवं काम तिच्यात मर्ज करत (मिसळत) जा.

गिट क्लीन -एफडीएक्स हा याच दुखण्याचा मोठा भाऊ. रेपोत नसलेलं सगळं तो उडवतो, .गिटइग्नोरमधलं (गिटने दुर्लक्ष करायच्या फाइलींची यादी) पण, आणि माझी कीबाइंडिंगची (कुठलं बटण काय करतं त्याची) फाइल नेमकी तिथेच होती. आधी -एन लावून चालवा, म्हणजे काय काय जाणार याची नुसती यादी येते.

काही वेळा मात्र तुमची खरंच चूक नसते. कशाला हात लावला नाही तरी स्टेटसमध्ये शेकडो फाइली बदललेल्या दिसतात, तो बहुतेक लाइन एंडिंगचा घोळ असतो, विंडोज आणि लिनक्स ओळ वेगवेगळ्या पद्धतीने संपवतात आणि कोअर.ऑटोसीआरएलएफ सेटिंग मधे लुडबुड करतं. टेक्श्चर गायब असतील तर एखाद्या इमेजची साइज बघा. १३० बाइटच्या आसपास असेल तर ती इमेज नाहीच, नोटपॅडमध्ये उघडा, व्हर्जन, ओआयडी आणि साइज अशा तीन ओळी दिसतील, म्हणजे मॉड गिट एलएफएस (मोठ्या फाइली वेगळ्या ठेवायची सोय) वापरतो. गिटहब १०० एमबीच्या वरची फाइल साध्या गिटमध्ये घेत नाही म्हणून मोठे मॉड तिकडे जातात. गिट एलएफएस इन्स्टॉल करा, मग गिट एलएफएस पुल. फोल्डर पूर्ण रिकामं असेल तर सबमॉड्यूल (रेपोच्या आत जोडलेला दुसरा रेपो) असू शकतं, त्याला गिट सबमॉड्यूल अपडेट --इनिट --रिकर्सिव्ह. आणि रेपोत नुसता सोर्स कोड असून डीएलएल (त्यातून बनलेली, गेमला चालणारी फाइल) नसेल तर पुल करून काही होणार नाही, रिलीजमधली तयार फाइल घ्या.

गेम चालू असताना अपडेट करू नका, विंडोजवर फाइल अडकते आणि "अनलिंक फेल्ड, परत ट्राय करू का" असं विचारत बसतं. स्टीम वर्कशॉपच्या फोल्डरात क्लोन नको, ते फोल्डर स्टीमच सांभाळतं. प्रोग्राम फाइल्समध्ये ॲडमिन म्हणून क्लोन केलं आणि नंतर साध्या अकाउंटने पुल मारला तर २०२२ पासूनचं गिट "ड्युबियस ओनरशिप" (मालकी संशयास्पद) म्हणून अडवतं, त्यापेक्षा क्लोन दुसरीकडे ठेवा आणि मॉड्स फोल्डरात एमकेलिंक /जे ने जंक्शन (त्या क्लोनकडे नेणारा दुवा) बनवा.

राहिले सेव्ह. ते रेपोत नसतात, त्यामुळे गिट तुम्हाला मॉड मागे नेऊन देईल पण नव्या मॉडवर एकदा सेव्ह झालेला गेम मागे नेणार नाही, म्हणून पुलच्या आधी सेव्हचं फोल्डर कॉपी करा. मोठा कॅम्पेन चालू असेल तर डेव्ह ब्रँचवर (लेखकाचं चालू, अर्धवट काम) बसूच नका, ज्या टॅगवर (नाव दिलेल्या व्हर्जनवर) सुरू केलात तोच चेकआउट करून (फोल्डरात आणून) ठेवा. गिट "डिटॅच्ड हेड" (तुम्ही कुठल्याच ब्रँचवर नाही) म्हणेल, म्हणू दे, कॅम्पेन संपला की गिट स्विच मेन आणि मग पुल.