दिवाळीत मुलांची खेळणी घेताना

दिवाळीच्या सुट्टीत तुळशीबागेत किंवा क्रॉफर्ड मार्केटमध्ये खेळणी घेताना रंगावर भुलण्याआधी खोके उलटे करून पाहावे. १ जानेवारी २०२१ पासून चौदा वर्षांखालील मुलांच्या खेळण्यांवर आयएसआय चिन्ह बंधनकारक आहे. चिन्हाखाली 'सीएम/एल' या अक्षरांनी सुरू होणारा परवाना क्रमांक असतो. तो भारतीय मानक ब्युरोच्या (बीआयएस) 'बीआयएस केअर' ॲपमध्ये घातला की उत्पादकाचे नाव आणि परवाना चालू आहे की नाही, हे तिथल्या तिथे कळते. नुसते चिन्ह कोणीही छापू शकतो, म्हणून हे दोन मिनिटांचे काम टाळू नये.

घरात तीन वर्षांखालील मूल असेल, तर खेळण्याचे डोळे, चाके, बटणे ओढून पाहावीत, कारण सुटलेला तुकडा थेट तोंडात जातो. माझ्या मते सर्वांत मोठा धोका बटणासारख्या चपट्या बॅटरीचा आहे: ती गिळल्यास दोन तासांतही अन्ननलिका भाजू शकते. त्यामुळे बॅटरीचे झाकण स्क्रूने बसवलेले नसेल, तर ते खेळणे दुकानातच ठेवावे. बॅटरी गिळल्याची शंका आली, तरी मुलाला लगेच रुग्णालयात न्यावे.

छापील कमाल किमतीत सर्व कर धरलेले असतात, त्यामुळे वर वेगळा जीएसटी देऊ नये. मोठी सवलत दिसली, तर तेच खेळणे दोन-तीन दुकानांत विचारावे आणि पक्के बिल घ्यावे. किल्ल्यावरच्या मातीच्या मावळ्यांचा रंग ओल्या बोटाला लागत असेल, तर ते लहानग्यांच्या हाती देऊ नयेत.